अदृश्य दिव्याने छपाई

टीव्हीच्या रिमोटचे बटण दाबून त्याचे टोक मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरा. डोळ्यांना न दिसणारा दिवा बहुधा पडद्यावर जांभळट लुकलुकतो. नवी मुंबईत शिक्षकांना आम्ही हे नेहमी दाखवतो. असल्याच अवरक्त दिव्याने १९८०च्या दशकात ह्यूलेट-पॅकार्डचे हातातले गणकयंत्र तारेवाचून छपाई करी. पण बोलणे एकतर्फी! मजकूर पोचला की नाही, हे छपाईयंत्राला कळवता येत नसे. म्हणून दर ८ बिटांना चूक सुधारणारे ४ बिट जोडत आणि गणकयंत्र ओळीनंतर अंदाजाने थांबे. १९९३ साली ‘इर्डा’ संघटना निघाली. तिच्या नियमांनी दोन्ही यंत्रे आळीपाळीने बोलू लागली. १९९५च्या ‘लेझरजेट ५पी’ छपाईयंत्राला अशी खिडकी होती. लॅपटॉप मात्र तिच्यासमोर, मीटरभर अंतरातच ठेवावा लागे. मध्ये कोणी उभे राहिले, की छपाई अडली.