टेरीचे विद्यार्थी आणि वालधुनीचा काठ

"ताई, मी चित्रं काढत बसू, की नदीसाठी काहीतरी करू?"

सकाळची लोकल, उभं राहायलाही धड जागा नाही, आणि विठ्ठलवाडीच्या अलीकडे तो ओळखीचा वास डब्यात शिरला तेव्हा हा प्रश्न आला. विचारणारी मुलगी पालेगावातच आमच्या इमारतीत दोन मजले खाली राहते. मुंबईत चित्रकला शिकते. स्टेशनपर्यंत रिक्षा शेअर करता करता ओळख झाली. मागच्या पावसाळ्याआधी तिने नदी स्वच्छतेच्या एका कार्यक्रमासाठी कापडावर मोठा बॅनर रंगवला होता. तीन रात्री जागून. लोकांनी त्याच्यासमोर फोटो काढले, कार्यक्रम संपला, बॅनर कुठे गेला ते तिला कुणी सांगितलं नाही. वर्गात कुणीतरी म्हणालं, "हे पोस्टर आहे, पेंटिंग नाही." नदीवर काम करणाऱ्या एका काकांनी उलट सांगितलं, "चित्रं नंतर, आधी निवेदनावर सह्या गोळा कर." तिला दोन्ही हवं आहे आणि दोन्हीकडून अर्धंच मिळतंय.

मी कलाकार नाही. इतिहासात पीएच.डी. करते आहे, त्यामुळे मला सल्ला देता येत नाही, फार तर मागे जाता येतं. तुमच्यापैकी जे संशोधनाची तयारी करताय त्यांच्यासाठी हा लेख आहे. अशा वेळी मागे जायचं म्हणजे नेमकं कुठे जायचं, हे तिच्या प्रश्नाच्या निमित्ताने दाखवता येईल.

पहिली गोष्ट. "कला की चळवळ?" हा आयुष्याचा प्रश्न आहे, संशोधनाचा नाही. त्यावर प्रबंध लिहायला बसलात तर दहा पानांत भाषण होईल. त्याला जागा द्या, काळ द्या. उदाहरणार्थ: वालधुनीच्या काठावर शिकाऊ चित्रकार काम करायला आले, असं याआधी कधी झालंय का? आले तर कुणाच्या सांगण्यावरून? त्यांनी काय टिपलं आणि काय सोडलं?

झालंय. १८६८ साली.

अंबरनाथचं शिवमंदिर तुम्हाला माहीत असेलच. शिलाहारांचं, भूमिज शैलीतलं, वालधुनीच्या अगदी काठावर. छित्तराजाच्या काळात काम सुरू झालं आणि मुम्मुणीच्या काळात पुरं झालं असं मानतात. तिथला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६०. यात तुमच्या उपयोगाचा एक किस्सा आहे. डॉ. भाऊ दाजी लाडांनी हा आकडा आधी ७८२ असा वाचला होता. पुढे भगवानलाल इंद्रजींनी तो ९८२ आहे असं दाखवून दिलं. झिजलेल्या दगडावरचा एक अंक, आणि मंदिर दोनशे वर्षांनी तरुण झालं! भाऊ दाजी काही कच्चे अभ्यासक नव्हते. म्हणून म्हणते, मोठ्या माणसाने वाचलेलंसुद्धा आपण पुन्हा वाचायचं.

तर १८६८. ब्रिटिश सरकारने त्या सुमारास देशातल्या निवडक जुन्या वास्तूंची चित्रं, फोटो आणि प्लास्टरचे साचे तयार करायचं ठरवलं. ओरिसात राजेंद्रलाल मित्र गेले, त्यांच्याबरोबर कलकत्त्याच्या आर्ट स्कूलची मुलं होती. मुंबई इलाख्यात अंबरनाथची निवड झाली. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे प्रमुख जॉर्ज विल्किन्स टेरी आपले विद्यार्थी घेऊन इथे आले. जे.जे. तेव्हा जेमतेम अकरा वर्षांचं होतं, १८५७ ची स्थापना. कल्याणहून पळसदरीपर्यंत रेल्वे १८५६ लाच धावू लागली होती, पण आजचं अंबरनाथ शहर नव्हतं. विमको नाही, ऑर्डनन्स फॅक्टरी नाही, एमआयडीसी नाही. पलीकडे उल्हासनगरही नाही. दुसऱ्या महायुद्धातला कल्याण कॅम्प, फाळणीनंतर तिथे आलेले सिंधी निर्वासित आणि १९४९ मध्ये नदीवरून पडलेलं 'उल्हासनगर' हे नाव, हे सगळं पुढचं.

त्या मुलांनी काय केलं? मंदिर मोजलं. आराखडे काढले, भिंतींवरच्या मूर्तींचे आणि नक्षीचे साचे घेतले, फोटो निघाले. १८७४ सालच्या 'इंडियन अँटिक्वरी'त या मंदिरावर लेख आला तो या कामाच्या जोरावर. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरचा चौदावा खंड उघडा, त्यातही अंबरनाथ आहे. आज एखादी मूर्ती किती झिजली हे बोलायचं असेल, तर तुलनेला हात घालता येईल अशी ही जुनी नोंद आहे. शिकाऊ मुलांनी घामाघूम होऊन केलेली.

आता दुसरी बाजू बघा, मला स्वतःला तीच जास्त महत्त्वाची वाटते. या कामाच्या उल्लेखात नाव येतं टेरीचं. मुलं "टेरी आणि त्यांचे विद्यार्थी" एवढ्या शब्दांत मावतात. आणि नदी? मंदिराला लागून वाहणारी वालधुनी त्या मोहिमेचा विषयच नव्हती. मोजायचा होता तो दगड. पाणी किती होतं, कसं दिसायचं, घाट कुठे होता, यासाठी कुणी साचा घेतला नाही, आणि पाण्याचा साचा घेता येतही नाही म्हणा. पण चित्र तर काढता आलं असतं. ज्याने पैसे दिले त्याचा प्रश्न होता 'प्राचीन वास्तू', म्हणून कागदावर प्राचीन वास्तू आली. दस्तऐवज हातात घेतला की आधी हे विचारा: हा कुणी करवून घेतला? त्याला काय बघायचं होतं? चौकटीच्या दोन हात बाहेर काय होतं?

मी हे तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे त्यांनी मंदिर वाचवलं, नदी नाही." वाचवलं हा शब्द जरा जपून वापरायचा. तिला मग अजिंठ्याची गोष्ट सांगितली.

जे.जे.चेच जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून १८८५ पर्यंत विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात राहिले. भित्तिचित्रांच्या नकला करायच्या, कारण मूळ चित्रं नष्ट होताहेत, ही तळमळ खरी होती. पेस्तनजी बोमनजींसारखे पुढे नावाजलेले चित्रकार त्या मुलांत होते. इथे निदान नावं तरी उरली. हंगामामागून हंगाम काम झालं, कॅनव्हास लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात गेले आणि १८८५ मध्ये तिथल्या आगीत त्यातले बरेच जळाले. त्याआधी रॉबर्ट गिल यांच्या अजिंठ्याच्या बहुतेक नकला १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत अशाच गेल्या होत्या. पण खरी टोचणारी गोष्ट वेगळीच आहे. नकला करताना रंग नीट दिसावेत म्हणून मूळ भिंतींवर व्हार्निश लावलं गेलं. ते काळाबरोबर पिवळं पडलं आणि चित्रांना अपाय झाला. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ बोलावले, त्यांना हे थर काढत बसावं लागलं.

वाचवायला गेलेल्या हातांनीच हे झालं. पर्यावरणासाठी कला करू इच्छिणाऱ्या कुणालाही मी ही गोष्ट सांगते. नाउमेद करायला नाही. पण नदीकाठी शंभर माणसं जमवून कार्यक्रम केल्यावर तिथे किती फ्लेक्स, किती रंगाचे डबे, किती थर्माकोल राहिला, हेही नोंदीत यायला हवं एवढंच.

मग आजच्या काळात हे दोन्ही कुणाला साधलंय का? इथे आपल्याला कल्याण–कर्जत मार्ग सोडून चंद्रपूरला जावं लागेल. राजुऱ्याजवळच्या सास्ती गावात १९८६ साली जन्मलेले प्रभाकर पाचपुते. गाव कोळशाच्या पट्ट्यात, घरातली माणसं खाणीत कामाला. खैरागढला शिल्पकला शिकले, २०११ मध्ये बडोद्याहून एम.एफ.ए. झाले, आणि मग मुंबईत क्लार्क हाउसमध्ये २०१२ साली त्यांचं प्रदर्शन झालं. नाव होतं 'कॅनरी इन अ कोल माइन'. पूर्वी खाणीत विषारी वायू आहे का हे कळावं म्हणून पिंजऱ्यात कॅनरी पक्षी नेत, तो आधी मरायचा. पाचपुते भिंतीवर काढतात चारकोलने, कोळशानेच. ज्याने गावाची जमीन खाल्ली त्याच काळ्या रंगाने गावाची माणसं. त्यांच्या चित्रांतल्या माणसाला डोक्याच्या जागी कधी दिवा असतो, कधी यंत्राचा तुकडा. भिंतीवर थेट काढलेलं चित्र प्रदर्शन संपलं की पुसलं जातं, हेही ध्यानात घ्या.

त्यांना कुणी 'अ‍ॅक्टिव्हिस्ट' म्हणतं, कुणी नाही. तो वाद मला कंटाळवाणा वाटतो. बघण्यासारखं आहे ते त्यांचं काम. 'आर्टेस मुंडी' या वेल्समधल्या पुरस्कारासाठी त्यांनी जी मालिका केली, तिच्यात चित्रांबरोबर बॅनरही होते. खाणकामगारांच्या मोर्च्यांत असतात तसे. वेल्सही कोळशाचाच प्रदेश, तिथल्या कामगारांच्या लढ्यांच्या खुणा आणि इकडच्या खुणा एकमेकींशेजारी आणल्या. २०२१ चा तो पुरस्कार सहाही कलाकारांना मिळून दिला गेला, त्यात ते होते. पुढच्याच वर्षी व्हेनिस बिएनालेत त्यांचं काम लागलं. "हे पोस्टर आहे, पेंटिंग नाही" असं ज्याने आमच्या मुलीला सुनावलं, त्याने ते बॅनर बघायला हवेत.

पण सास्ती म्हणजे अंबरनाथ नाही. खाण डोळ्याला दिसते. खड्डा आहे, ढिगारे आहेत. वालधुनीचं विष वाहून जातं. सकाळी एक रंग, दुपारी दुसरा. एमआयडीसीतले रासायनिक कारखाने, उल्हासनगरचे जीन्स धुण्या-रंगवण्याचे कारखाने, नाल्यांचं सांडपाणी, रात्री येणारे टँकर. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये उल्हासनगरात नदीत टँकरमधून रसायन सोडलं गेलं आणि शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल 'वनशक्ती' संस्थेने राष्ट्रीय हरित लवादात दाद मागितली, २०१५ मध्ये लवादाने पालिका आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना कोट्यवधी रुपये भरायला सांगितले, प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. या सगळ्या कागदपत्रांची भाषा आहे बीओडी, सीओडी, नमुना कुठे घेतला, कधी घेतला. चित्राला तिथे जागा नाही. असायला हवी का, यावर वाद घाला हवं तर.

मला मात्र एक साम्य खटकलं. पाण्याच्या नमुन्याच्या बाटलीवर जी माहिती असते (जागा, तारीख, वेळ, कुणी घेतला), तीच टेरीच्या मुलांच्या आराखड्यांना आजही उपयोगी बनवते. माप आहे, जागा आहे, साल आहे. आमच्या मुलीच्या बॅनरवर यातलं काहीच नव्हतं. त्यावर होती एक सुंदर निळी नदी आणि रडणारा मासा. ती नदी कुठलीही असू शकली असती, गोदावरी, मुठा, मिठी, कुठलीही. हे मी तिला बोलून दाखवलं आणि ती चिडली. "म्हणजे मी ड्राफ्ट्समन होऊ का? मग कॅमेराच लावा ना पुलावर!" तिचा राग बरोबर होता. कॅमेरा पाण्याचा रंग टिपेल, पण पुलावरून जाताना नाकाला पदर लावणारी बाई टिपायची की सोडायची, हे तो ठरवणार नाही. टेरीच्या मुलांना हे ठरवायची मुभा नव्हती. तिला आहे.

यातून संशोधनाचा विषय निघतो का? निघतो, दोन-तीन निघतात. जे.जे.च्या सुरुवातीच्या काळातल्या सर्वेक्षणांत विद्यार्थ्यांचं श्रम म्हणून काय स्थान होतं? त्यासाठी मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे, तिथे शिक्षण खात्याच्या आणि सार्वजनिक बांधकामाच्या फायली मागवा. धुळीची अ‍ॅलर्जी असेल तर मास्क न्या, गंमत नाही. किंवा वालधुनीच्या आठवणींचा मौखिक इतिहास: इथे पोहलेली, इथे कपडे धुतलेली माणसं अजून आहेत, पण साठी-सत्तरीच्या पुढची. हे काम उद्यावर टाकता येणार नाही. पालेगावात आम्ही बहुतेक सगळे नवे रहिवासी, दहा-पंधरा वर्षांतले. टॉवरच्या जाहिरातीत 'निसर्गाच्या कुशीत' वाचून आलेलो. जुनं गाव त्या टॉवरच्या मागेच आहे, तिथून सुरुवात करा. तिथल्या आजोबांना 'पर्यावरण' शब्द ऐकवू नका. पाणी कुठून भरायचात, असं विचारा.

तिने चित्रं सोडली नाहीत, सह्याही गोळा करते. आता एक वही केली आहे. दर रविवारी मंदिराजवळच्या पुलावर उभी राहून एकच पान, एकाच जागेवरून. परवा तिने तीन पानांचे फोटो पाठवले. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: शिवमंदिराजवळचा पूल, सकाळी ७.१०, पाणी करडं, डाव्या काठाला फेस, दोन बगळे, एक माणूस निर्माल्याची पिशवी घेऊन आला आणि परत घेऊन गेला. तारीखही होती. नाव मात्र टाकलं नव्हतं. मी फोन करून तिन्ही पानांवर टाकायला लावलं.