रॉचडेलचे तक्ते

विद्यापीठाचा पंडित कामगारांपुढे बोलला म्हणजे उपकार करून गेला, असे आम्ही पुष्कळ वर्षे समजत होतो. तो समज रॉचडेलच्या हकिकतीने गेला. इंग्लंडातील या गिरणगावात १८६० नंतरच्या दशकात केंब्रिजचे जेम्स स्टुअर्ट सहकारी संस्थेच्या सभासदांना विज्ञानावर व्याख्याने देत. एकदा आकृत्यांचे तक्ते ते सभागृहातच टांगून गेले. मधल्या दिवसांत सभासदांनी त्यांवर खल केला; पुढच्या खेपेस व्याख्यानाआधीच प्रश्न घेऊन हजर! व्याख्यानाला जोडून वर्ग घेण्याची रीत पडली ती अशी. १८७३ साली केंब्रिजने हे कार्य अंगावर घेतले. खर्च मात्र गावोगावच्या मंडळींनी सोसायचा. नॉर्थंबरलंडचे खाणकामगार याच रीतीने शिकले. १८८७ च्या संपात मजुरी बुडाली, तशी तेथील व्याख्यानेही बंद पडली. तरी संप चुकला, असे आम्ही म्हणणार नाही.