दहा दिवसांची ओळ

अच्युत गोडबोले यांच्या पुस्तकांत लेखक-परिचय असतो. आयआयटी मुंबईचे 1972 चे केमिकल इंजिनीअर, शालान्त परीक्षेच्या गुणवत्ता यादीत सोळावे, गणितात सतत पहिले, मग संगणक क्षेत्रात 32 वर्षं, पटणी, सिंटेल, एल अँड टी इन्फोटेक, अपार, दिशा अशा कंपन्यांत वरिष्ठ पदं. वाचणाऱ्याची नजर अशा यादीवरून घसरत जाते. मध्येच एक ओळ येते आणि नजर अडखळते: सत्तरच्या दशकात शहाद्याच्या भिल्लांच्या चळवळीत सहभाग आणि दहा दिवसांचा तुरुंगवास.

परिचय हा कागद अभ्यासकाला फारसा आवडत नाही. तो स्वतःविषयी स्वतःच पुरवलेला असतो. पण माणसानं काय सांगितलं याइतकंच, काय गाळलं नाही हेही त्यात दिसतं. बायोडेटात पदव्या राहतात, जेल गळून जातो, ही आपली रीत. (स्वातंत्र्यसैनिकांची गोष्ट वेगळी, त्यांना ताम्रपट मिळाला.) बहुराष्ट्रीय ग्राहकांशी व्यवहार करणाऱ्या माणसानं ही ओळ तशीच ठेवली. म्हणून तिच्या मागचे कागद पाहायचे.

सुरुवातीलाच एक अडचण. शहादा आज नंदुरबार जिल्ह्यात आहे, पण हा जिल्हा झाला 1 जुलै 1998 रोजी. त्याआधीचा सगळा कागद ‘धुळे’ या नावाखाली. पुढे ज्याचा संदर्भ येणार आहे त्या, सातपुड्यापलीकडे नर्मदेच्या काठावर असलेल्या अक्कलकुव्याच्या मणिबेलीचंही तसंच. सरदार सरोवर धरणाच्या पाण्याखाली जाणारं महाराष्ट्रातलं हे पहिलं गाव. जागतिक बँकेनं नेमलेल्या मोर्स समितीचा अहवाल 1992 मध्ये आला तेव्हा तेही धुळे जिल्ह्यातच होतं. नंदुरबारच्या नावानं शोधायला बसलेल्याच्या हाती या दोन्ही गावांचं जुनं काही फारसं लागायचं नाही.

शहाद्यापुरते दोन लेखी आधार भक्कम आहेत. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांचा या चळवळीवरचा दीर्घ लेख 1976 मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे घटना ताज्या असतानाच. दुसरं अमृता बसू यांचं 1992 चं पुस्तक. त्यात धुळे जिल्ह्यातल्या श्रमिक संघटनेची तुलना पश्चिम बंगालमधल्या चळवळीशी केली आहे. गोडबोल्यांचं ‘मुसाफिर’ हे आत्मचरित्र या दोन्हींच्या पुष्कळ नंतरचं. त्यामुळे चळवळीचा तपशील आधीच्या कागदांवरून घ्यावा आणि तरुण इंजिनीअरच्या मनात काय चाललं होतं ते ‘मुसाफिर’वरून, हा क्रम मी पाळतो. उलटा क्रम घेतला की भिल्लांचा लढा एका नामवंताच्या तरुणपणाची पार्श्वभूमी होऊन बसतो.

तेव्हाचं शहादा म्हणजे तापीकाठची काळी जमीन. ऊस, केळी, कापूस. ही जमीन सावकारी व्यवहारांतून भिल्लांच्या हातून गेली होती आणि मूळ मालक त्याच रानात सालदार झाले होते. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. उजाडण्याआधी गोठा, मग शेत, अंधार पडल्यावर पुन्हा गोठा. आगाऊ उचल घेतलेली असली की साल संपलं तरी सुटका होत नसे. त्यातच बड्या शेतकऱ्यांनी पीक संरक्षणाच्या नावाखाली राखणदार उभे केले. शेतातून कणसं नेल्याच्या संशयावरून मारहाण, दंड हे सगळं त्यांच्याकडून व्हायचं. अशा वेळी भिल्लांमधूनच आलेले अंबरसिंग सुरतवंती पुढे झाले. 30 जानेवारी 1972 रोजी शहाद्याला भूमुक्ती मेळावा भरला आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. शहरांतून शिकलेली मुलं येऊन राहिली. ‘ऊठ वेड्या, तोड बेड्या’ लिहिणारे कुमार शिराळकर आयआयटीत शिकलेलेच. दीनानाथ मनोहर आले. याच मातीतले वाहरू सोनवणे कार्यकर्ते झाले आणि कवीही. बायकांनी गावोगावची दारूची मडकी फोडली. शिराळकर शेवटपर्यंत, म्हणजे 2022 पर्यंत, शेतमजुरांतच राहिले. गोडबोले परत आले.

हा फरक झाकायचं कारण नाही. दहा दिवसांत चळवळ कळत नाही, आणि ती कळली असा दावा त्या ओळीतही नाही.

परत आल्यावर ते संगणकाकडे वळले. पुढचा भाग परिचयात दोन-तीन वाक्यांत आटोपतो, आणि खरं तर तेवढा पुरेसाही आहे: प्रोग्रॅमरपासून व्यवस्थापकीय संचालकापर्यंतची चढण, इंग्लंड-अमेरिकेतली कामं, सुमारे दीडशे परदेशवाऱ्या. जास्त बोलका कागद निराळाच आहे. नोकरीत असतानाच त्यांनी टाटा मॅकग्रॉ-हिलसाठी इंग्रजीत ऑपरेटिंग सिस्टिम्सवर पाठ्यपुस्तक लिहिलं. विषय रुक्ष, पण समजावण्याची हातोटी तिथंच दिसते: संकल्पनेचं नाव नंतर, आधी ती कशासाठी लागली ते. पुढच्या मराठी पुस्तकांत हीच रीत आली, फक्त गरजेच्या जागी माणूस आला. ‘किमयागार’मध्ये सिद्धान्ताआधी शास्त्रज्ञ भेटतो, त्याची भांडणं, त्याचे हट्ट, त्याचं दारिद्र्य. ‘अर्थात’मध्ये अर्थशास्त्र, ‘मनात’मध्ये मानसशास्त्र, आणि सुलभा पिशवीकर यांच्यासह लिहिलेल्या ‘नादवेध’मध्ये राग. या पुस्तकांच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. माझी तक्रार एकच आहे. माहितीचा लोंढा कधी कधी इतका येतो की विवेचनाला उभं राहायला जागा उरत नाही. पण तालुक्याच्या गावातल्या बारावीच्या मुलाला अर्थशास्त्राचा इतिहास त्याच्या भाषेत, घरच्यासारखा सांगणारी अशी जाडजूड पुस्तकं मराठीत आधी किती होती, हेही मोजायला हवं.

त्यांच्या एका पुस्तकाचं नाव ‘अनर्थ’. त्याचा रोख विकासनीतीवर आहे, वाढीच्या आकड्यांमागं पळताना कोण चिरडलं जातं यावर. हा प्रश्न त्यांच्या चळवळीच्या जुन्या धुळे जिल्ह्यात, नर्मदेकाठी, आधी विचारून झाला होता. जागतिक बँकेनं सरदार सरोवरातून अंग काढून घेतलं ते 1993 मध्ये. पुढच्याच वर्षी 44 देशांतल्या 326 संस्थांनी मोठ्या धरणांना बँकेचा पैसा थांबवण्याची मागणी केली. त्या जाहीरनाम्याला नाव दिलं मणिबेलीचं. ते गाव पाहिलेले लोक सह्या करणाऱ्यांत थोडेच असतील. ‘अनर्थ’च्या मुळाशी शहाद्याचे दहा दिवस आहेत असं म्हणायला मी धजणार नाही, तसा थेट पुरावा परिचयाच्या पानातून निघत नाही. पण संचालकाच्या खुर्चीवरून उठलेला माणूस असं पुस्तक लिहितो तेव्हा ती ओळ शोभेची नव्हती, एवढं मात्र कागदावर धरता येतं.

मीस यांचा लेख इंग्रजीत, बसूंचं पुस्तकही इंग्रजीत. मराठीतला अस्सल कागद म्हणजे पत्रकं, सभेच्या वह्या, कोर्टाच्या तारखांची टिपणं. तो असेल तर शहादा-तळोद्याकडच्या घरांतल्या ट्रंकांत. कुणाच्या माळ्यावर 1972 ते 74 ची अशी गाठोडी असतील, तर दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला देऊ नका. धुळ्याच्या इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळात एकदा नेऊन दाखवा.