उल्हासनगरच्या पहिल्या रहिवाशांचा कुलशोध

अमेरिकेत घराण्याचा इतिहास शोधणाऱ्यांचा आद्य पुरुष बहुधा एखादा वसाहतकार असतो. १६२० साली 'मेफ्लॉवर' जहाजातून गेलेल्या १०२ प्रवाशांपैकी एकाशी आपला धागा जुळावा, यासाठी तिथे पिढ्यान् पिढ्या कागद चाळले गेले. आपल्याकडे असा 'पहिला वसाहतकार' शोधायचा तर फार लांब जायला नको. कल्याणच्या पुढे, उल्हास नदीच्या काठी एक अख्खे शहर अशाच माणसांनी उभे केले आहे.

दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी इथे 'कल्याण कॅम्प' उभारला गेला. युद्ध संपले, बॅरेकी रिकाम्या झाल्या. फाळणीनंतर, विशेषतः ६ जानेवारी १९४८ च्या कराचीतील दंगलीनंतर, सिंधमधून हिंदूंचे लोंढे मुंबईकडे निघाले, आणि त्यांतल्या सुमारे लाखभर माणसांची सोय या छावणीत झाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या उपस्थितीत तिला 'उल्हासनगर' हे नाव मिळाले. छावणीचे एक ते पाच असे भाग मात्र लोकांच्या तोंडी तसेच राहिले. आजही इथला माणूस 'कॅम्प तीन', 'कॅम्प चार' असेच सांगतो, आणि पत्त्यात बॅरेकीचा नंबर लिहितो.

या बॅरेकीतून मागे जायचे कसे, हा कुलशोधातला खरा प्रश्न आहे. मराठी आडनावाची सवय असलेल्या संशोधकाला इथे पहिली अडचण येते. आपले 'बदलापूरकर' किंवा 'नाशिककर' गाव सांगते. सिंधी आडनाव बहुधा पूर्वज सांगते. कृपालचे वंशज ते कृपलानी, मनसुखचे ते मनसुखानी. म्हणजे आडनावातच मूळ पुरुष सापडतो, पण तो राहत कुठे होता हे सापडत नाही. 'शिकारपुरी'सारखी गावावरून पडलेली आडनावे याला अपवाद. शिवाय मनसुख नावाची माणसे अनेक गावांत होऊन गेली, त्यामुळे आडनाव एक म्हणून नाते एक, असे म्हणता येत नाही. त्यासाठी 'नुख' विचारावी लागते. नुख म्हणजे आडनावाच्याही मागचे जुने कुळ. लग्न जुळवताना ती पाहिली जाते, म्हणून कागदावर नसली तरी घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ती हमखास ठाऊक असते.

गाव कळले की पुढची दारे उघडतात. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांत यजमानांच्या नोंदी मूळ मुलूख आणि जातीप्रमाणे लावलेल्या असतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे आपल्या आजोबा-पणजोबांची सही पाहिलेल्या वाचकांना ही पद्धत सांगायला नको. गाव माहीत नसेल, तर नुसत्या आडनावावर योग्य वही मिळणे कठीण. गंमत अशी की या वह्यांचे सूक्ष्मचित्रण करायला पुढे आले ते अमेरिकेतील युटा राज्यातले कुलसंशोधक, म्हणजे १८४७ साली तिथल्या ओसाड खोऱ्यात वसाहत करणाऱ्यांचेच वारसदार.

दुसरे दार मुंबईतच आहे. इंग्रजांनी १८४३ मध्ये सिंध जिंकला आणि १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडला. १ एप्रिल १९३६ ला तो वेगळा प्रांत झाला. जवळजवळ नव्वद वर्षे कराची आणि पुणे एकाच सरकारच्या अमलाखाली होती. त्या काळातील सिंधविषयीचा सरकारी पत्रव्यवहार मुंबईच्या पुराभिलेखागारात पाहावा लागतो. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजचे विद्यार्थी परीक्षा देत मुंबई विद्यापीठाची, त्यामुळे घरात कोणी जुना पदवीधर असेल तर विद्यापीठाच्या जुन्या कॅलेंडरांत त्याचे नाव शोधता येते.

तिसरा कागद बहुतेक घरांतल्या ट्रंकेत पडून असतो. १९५० च्या कायद्यानुसार निर्वासितांनी मागे राहिलेल्या मालमत्तेचे दावे दाखल केले, आणि १९५४ च्या कायद्याने भरपाईची तरतूद झाली. दावा नुकसानीचा असला, तरी त्यासाठी घर कुठे होते, कोणाच्या नावे होते, वाटेकरी कोण, हे सांगावे लागे. त्यामुळे हरवलेल्या घराची यादी आपोआप वंशावळीचे साधन बनली.

हे सगळे असूनही शोध अडतो तो लिपीपाशी. आजोबांची पत्रे आणि हिशेब अरबी वळणाच्या सिंधी लिपीत, किंवा व्यापाऱ्यांच्या मोडीसारख्या हटवाणिकी अक्षरांत. नातवंडे इंग्रजी, हिंदी, मराठी वाचतात; घरात सिंधी बोलतात, पण ती लिपी वाचत नाहीत. ट्रंक उघडते, पण कागद बोलत नाही. मोडी वाचता न येणाऱ्या मराठी घरांना हे दुःख परके नाही.

वसाहतकारांचा इतिहास लिहिताना आणखी एक भान हवे. अमेरिकेतल्याप्रमाणे इथेही जमीन रिकामी नव्हती. शेजारच्या अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा शिलाहारकालीन लेख आहे. छावणीच्या आधी इथे शेते होती, भोवती आगरी-कोळ्यांची गावे होती. त्यांचा कुलशोध सातबारा, फेरफार आणि गावदेवीच्या मानापानातून करावा लागेल. बॅरेकीतल्या कुटुंबाची जमीन सरहद्दीपलीकडे गेली. इथल्या शेतकऱ्याची छावणीखाली गेली. दोन्ही वंशावळी शेजारी ठेवल्या, तरच या शहराचा इतिहास पुरा होतो.

दहा वर्षांचा असताना कराचीच्या बंदरात बोटीवर चढलेला मुलगा आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. पुढची पिढी अंबरनाथ, बदलापूर आणि त्याही पलीकडे पांगली. जुन्या बॅरेकींच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. वह्या आणि दप्तरे आणखी काही वर्षे टिकतील. पण नुख कोणती, गाव कोणते, कोणत्या बॅरेकीत शेजारी कोण होते, हे विचारायला माणूस समोर हवा. या दिवाळीत घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसून एवढे तीन प्रश्न विचारले आणि उत्तरे तारखेसह वहीत उतरवली, तरी कुलशोधाचे निम्मे काम झाले म्हणायचे.