ओपनसीव्ही, रास्पबेरी पाय आणि दुबई सिलिकॉन ओएसिस

दुबई सिलिकॉन ओएसिसचे प्राधिकरण २००५ च्या कायद्याने स्थापन झाले. सुमारे ७.२ चौरस किलोमीटरचे हे मुक्त क्षेत्र तंत्रज्ञान उद्योगासाठी आखलेले. अमेरिकेच्या आरआयटी विद्यापीठाची २००८ मध्ये सुरू झालेली दुबई शाखाही इथेच आहे.

कॅमेऱ्यातले चित्र यंत्राला वाचता यावे यासाठीची ओपनसीव्ही ही लायब्ररी या क्षेत्राहून थोडी जुनी. इंटेलमध्ये गॅरी ब्रॅडस्की यांनी १९९९ मध्ये तिचे काम सुरू केले, १.० आवृत्ती २००६ मध्ये आली. २०१२ मध्ये ३५ डॉलरचा रास्पबेरी पाय आणि पुढच्या वर्षी त्याचा ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा आला, तशी ती विद्यार्थ्याच्या टेबलावर पोहोचली.

कसोटी होती ती बसवण्याची. लिनक्सच्या भांडारातले तयार पॅकेज बहुधा जुने असे. नवी आवृत्ती हवी तर मूळ कोड पायवरच कम्पाइल करायचा, आणि पहिल्या पिढीच्या पायला त्यासाठी नऊ-दहा तास लागत. २०१५ च्या पाय २ मध्ये चार कोअर आणि १ जीबी रॅम आली. पण चारही कोअर एकदम जुंपले की रॅम संपून काम मध्येच बंद पडे. म्हणून स्वॅप फाइल १०० एमबीवरून १ जीबीपर्यंत वाढवायची आणि काम उरकताच पुन्हा कमी करायची, नाहीतर सततच्या लिहिण्याने एसडी कार्ड झिजे.

२०१७ पासून पायव्हील्स हा प्रकल्प पायसाठी आधीच कम्पाइल केलेली पायथन पॅकेजे मोफत देऊ लागला आणि तासांचे काम मिनिटांवर आले. वेगवान प्रोसेसरपेक्षाही या सार्वजनिक कामाचे श्रेय मोठे आहे.

अडचणी मात्र नव्या जागी उगवल्या. पायच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या २०२१ च्या बुल्सआय आवृत्तीने लिबकॅमेरा ही नवी कॅमेरा प्रणाली आणली. रिबन केबलचा कॅमेरा जुन्या पद्धतीने उघडेना. आता पिकॅमेरा २ या लायब्ररीकडून फ्रेम घेऊन ती ओपनसीव्हीला द्यावी लागते. २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीने पायथन पॅकेजे बसवणाऱ्या पिपसाठी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट जवळपास सक्तीचे केले.

पुन्हा सिलिकॉन ओएसिसकडे वळू. तिथल्या रस्त्यांवर २०१८ मध्ये चालकरहित टॅक्सीची चाचणी झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथल्या सीडर व्हिलाज वस्तीत जेवण पोहोचवणारे तीन रोबो फिरू लागले. त्यांच्या कॅमेऱ्यांत चेहरे पुसट केले जात. त्यांचे सॉफ्टवेअर वेगळे असले तरी पायवर ओपनसीव्ही शिकणारा हाच धडा आरंभी गिरवतो: हार कॅस्केडने चेहरा शोधायचा आणि तेवढाच भाग गॉसियन ब्लरने धूसर करायचा.