सुतळीची गाठ

आठवडाभर दुसऱ्यांच्या कोडमधले किडे काढायचे आणि सुट्टीत खरे किडे बघायला जायचं, एवढंच माझं निसर्गप्रेम. गेल्या जुलैत मात्र रीतसर शिकायचं ठरवलं आणि चंदगड तालुक्यात, तिलारीनगरच्या बाजूला, दोन दिवसांच्या फोटोग्राफी कार्यशाळेला नाव दिलं. शिकणारे आम्ही सहाजण, शिकवणारे एक सर आणि रान दाखवायला गावातले एक मामा. पाऊस तर असा की छत्री मिटायची वेळच येत नव्हती.

पहिल्याच रात्री मामांनी एका डबक्यावर लोंबणारी फांदी दाखवली. पानांना चिकटलेला पांढरा फेस... मलबारी उडत्या बेडकाचं घरटं! ही मंडळी फेसात अंडी घालतात, काही दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात आणि टपाटप खालच्या पाण्यात पडतात. आम्ही एकेक करून फोटो काढले. माझी पाळी आली तेव्हा लक्षात आलं की मागे झुडपांची नुसती खिचडी दिसतेय. बॅगेत सुतळी होती. फांदी हातभर बाजूला ओढून बांधली, मागे छान काळोख मिळाला, फोटो झकास आला. तेवढ्यात पावसाचा जोर वाढला, सगळे पळालो. सुतळी तशीच राहिली.

सकाळी चहाच्या वेळी मामांनी ती सुतळी माझ्यापुढे ठेवली. "साहेब, खाली पाणी नव्हतं की ओ."

बस्स, एवढंच. रात्री उशिरा परत जाऊन त्यांनी फांदी सोडली होती. मी हातभर ओढलेली फांदी पाण्यावरून सरकून दगडांवर आली होती. पिल्लं पडली असती ती दगडांवर.

सर रागावले नाहीत. म्हणाले, "तुम्ही एकटे नाही. आपली सगळी कला या गाठीवरच उभी राहिलीय." त्या वाक्याचा पिच्छा मी घरी आल्यावर पुरवला. जे हाती लागलं ते थोडक्यात सांगतो.

फोटोग्राफी वर्गात बसून शिकायची आपल्याकडची रीत चांगलीच जुनी. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली आणि १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजींचे भाऊ नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले फोटोग्राफर. पण तेव्हाची काच ओली असतानाच वापरावी लागे आणि समोरच्याला काही सेकंद तरी हलायची मुभा नसे. त्यामुळे देवळं, माणसं, झाडं यांचे फोटो निघत. जनावर कशाला स्थिर बसतंय!

म्हणजे काय, तर कशाचा फोटो काढायचा हे आधी यंत्र ठरवायचं. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ च्या सुमारास वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते टिपलं, तेही याच हिशेबानं. रोप पळून जात नाही. रोज थोडं थोडं चित्रण करून, महिनाभरानं सगळं जोडून दाखवल्यावर पडद्यावर रोप झरझर वाढलं आणि त्यांच्या चित्रपटासाठी भांडवल मिळालं.

पक्षी मात्र पळून जातो. पण घरटं जात नाही, आणि पक्षी घरट्याकडे परत येतोच. इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी कर्टन या भावांनी १८९२ मध्ये अंड्यांसकट घरट्याचा फोटो घेतला. पुढे पक्ष्यांजवळ जायला त्यांनी चक्क पोकळ बैल बनवला, त्याच्या पोटात बसून फोटो काढायला! त्यानंतर कित्येक दशकं पक्ष्यांचा फोटो म्हणजे घरट्याचा फोटो, हे समीकरण जगभर चाललं, आपल्याकडेही. फिल्मचा वेग कमी, लांब पल्ल्याची लेन्स परवडायची नाही, रोलमध्ये फोटो ३६. मग आडोसा बांधायचा आणि आड येणाऱ्या फांद्या बाजूला बांधायच्या किंवा सरळ छाटायच्या. त्यानं पिल्लांवर ऊन यायचं, कावळ्यांना वाट सापडायची. हे वाईट लोक नव्हते. बंदूक ठेवून कॅमेरा उचललेली माणसं होती. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्यानं तर वाघाच्या वाटेत तार लावून वाघालाच स्वतःचा फोटो काढायला लावलं आणि १९२७ मध्ये त्याचं पुस्तक केलं. गोळी घालण्यापेक्षा हे लाख पटीनं बरं होतं. त्यामुळे कॅमेऱ्यानंही इजा होते, हे ध्यानात यायला फार वेळ गेला. आता बऱ्याच स्पर्धा घरट्याचे फोटो घेतच नाहीत.

आणि मी? माझ्याकडे तर कुठलीच सबब नव्हती. कार्डावर हजारो फोटो मावतात, कॅमेरा अंधारातही बघतो. मी गाठ मारली ती केवळ मागची झुडपं आवडली नाहीत म्हणून. यंत्राची अडचण गेली, सवय तेवढी राहिली. आमच्या धंद्यात जुन्या मशीनसाठी लिहिलेला कोड मशीन भंगारात गेल्यावरही चालूच राहतो, तसंच हे.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य वन्यजीव मंडळानं चंदगडच्या सुमारे २२५ चौरस किलोमीटर जंगलाला संवर्धन राखीव म्हणून मंजुरी दिली. फार चांगलं झालं. त्यानं कुऱ्हाड थांबेलही, पण रात्री अकरा वाजता माझ्या बॅगेतली सुतळी कोण थांबवणार? तिथे फक्त शेजारी उभा असलेला माणूस कामाला येतो. सहाजणांच्या वर्गाचा फायदा मला तिथे कळला. छिद्र किती उघडायचं, शटर किती ठेवायचं हे पुस्तकातही मिळतं. सुतळी विसरल्याचं कुणाच्या तरी लक्षात येणं पुस्तकात मिळत नाही. साठ जणांचा मेळा असता तर ती फांदी सकाळपर्यंत दगडांवरच राहिली असती.

दुसऱ्या रात्री पुन्हा त्याच फांदीकडे गेलो. या वेळी हात मागे बांधून उभा राहिलो म्हणा ना. फोटोत झुडपांची खिचडी आहे, एक पान तर बरोबर मध्ये आलंय. पण खाली डबकं दिसतंय. तोच फोटो ठेवलाय, आधीचा काढून टाकला.

सुतळी मात्र बॅगेतच आहे, मामांनी गुंडाळून दिली तशीच. अजून उलगडलेली नाही.