चार मिनिटांची भिंत आणि जेवणाच्या सुट्टीतले धावपटू

१/ ६ मे १९५४, गुरुवार. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातील वैद्यकीय महाविद्यालयाचा पंचवीस वर्षांचा एक विद्यार्थी सकाळी प्रयोगशाळेतील धारेच्या दगडावर आपल्या धावण्याच्या बुटांचे खिळे घासत होता. त्यानंतर त्याने खिळ्यांना ग्रॅफाइट चोळले. धावपट्टीवरील ओली राख खिळ्यांना चिकटू नये, एवढाच त्यामागचा हेतू. त्याच संध्याकाळी या बुटांनी इतिहास घडवला. त्या विद्यार्थ्याचे नाव रॉजर बॅनिस्टर.

२/ एक मैल म्हणजे सुमारे १६०९ मीटर. ४४० यार्डांच्या धावपट्टीच्या बरोबर चार फेऱ्या. म्हणून ‘चार मिनिटांत मैल’ याचा अर्थ मिनिटाला एक फेरी, सलग चार वेळा. चार फेऱ्या आणि चार मिनिटे या जुळणीमुळे हा आकडा लोकांच्या मनात भिंतीसारखा उभा राहिला. १९४५ मध्ये स्वीडनच्या गुंडर हेगने ४ मिनिटे १.४ सेकंदांत हे अंतर कापले. पुढील नऊ वर्षे तो विक्रम अबाधित राहिला.

३/ ‘माणसाचे शरीर हे करूच शकत नाही, असे विज्ञानाने ठरवून टाकले होते,’ असे आजही सांगितले जाते. वस्तुस्थिती निराळी आहे. विक्रम मर्यादेपासून दीड सेकंदाहूनही कमी अंतरावर येऊन थांबला होता. महायुद्धाने बहुतेक युरोपातील क्रीडाजीवन मोडून पडले होते. तटस्थ स्वीडनमध्ये हेग आणि आर्ने अँडरसन एकमेकांशी स्पर्धा करीत विक्रम खाली आणत होते. परंतु पैसे घेतल्याच्या कारणावरून या दोघांवर हौशी स्पर्धांतून बंदी आली. भिंत शरीरापेक्षा परिस्थितीचीच अधिक होती.

४/ बॅनिस्टर १९४६ मध्ये ऑक्सफर्डला आला, तेव्हा त्याने खिळ्यांचे बूट कधी पायांत घातले नव्हते. विद्यापीठाच्या अ‍ॅथलेटिक क्लबने त्याला धावपटू केले. पुढे तो याच क्लबचा अध्यक्ष झाला आणि इफली रोडवरील जुनी, उंचसखल धावपट्टी काढून नवी बांधावी यासाठी त्याने खटपट केली. ज्या पट्टीवर तो पुढे विक्रम करणार होता, ती उभारण्यात विद्यार्थिदशेतील त्याच्या श्रमांचाही वाटा होता.

५/ १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये १५०० मीटर शर्यतीत त्याच्याकडून सुवर्णाची अपेक्षा होती. ऐन वेळी उपांत्य फेरी वाढवण्यात आली. मोजका सराव करणाऱ्या विद्यार्थ्याला सलग तीन दिवस तीन शर्यती झेपल्या नाहीत. तो चौथा आला. वर्तमानपत्रांनी त्याच्या सरावपद्धतीवर टीकेची झोड उठवली. ऑलिंपिकनंतर धावणे सोडून वैद्यकाकडेच लक्ष देण्याचा त्याचा बेत होता. या पराभवामुळे तो बेत बारगळला.

६/ तरीही दिवसभर रुग्णालय आणि अभ्यास होताच. मग जेवणाच्या सुट्टीत तो पॅडिंग्टनच्या मैदानावर जाई, कपडे बदलून वेगाने फेऱ्या मारी आणि पुन्हा कामावर हजर होई. ऑक्सफर्डमध्ये तो श्वसनाच्या शरीरशास्त्रावर संशोधनही करीत असे. यांत्रिक पट्ट्यावर धावणाऱ्यांना अधिक प्राणवायू दिल्यास काय घडते, हा त्याचा विषय. स्वतःचे शरीर हीच त्याची दुसरी प्रयोगशाळा होती.

७/ २७ जून १९५३ रोजी मॉट्सपर पार्क येथे शाळकरी मुलांच्या स्पर्धेत मध्येच एक मैलाची शर्यत घुसवण्यात आली. बॅनिस्टरचा मित्र ख्रिस ब्रॅशर मुद्दाम रेंगाळत धावला आणि बॅनिस्टर जवळजवळ एक फेरी पुढे जाऊन मागून येताच त्याला गती देऊ लागला. वेळ लागली ४ मिनिटे २ सेकंद. ब्रिटिश क्रीडा मंडळाने ही वेळ विक्रम म्हणून नोंदवण्यास नकार दिला. ही प्रामाणिक शर्यतच नव्हे, असे मंडळाचे मत पडले. चार मिनिटांच्या आत धावणे आता पुरेसे नव्हते. ते निर्विवादपणे करून दाखवणे भाग होते.

८/ त्या हिवाळ्यात ब्रॅशर, ख्रिस चॅटअवे आणि बॅनिस्टर असे त्रिकूट जमले. ब्रॅशर केंब्रिजचा, उरलेले दोघे ऑक्सफर्डचे. मार्गदर्शक होते ऑस्ट्रियात जन्मलेले फ्रान्झ स्टँफल. मधे थोडी विश्रांती घेत ४४० यार्डांच्या दहा फेऱ्या, हा मुख्य सराव. प्रत्येक फेरीची वेळ ६६ सेकंदांवरून ६१ वर आली आणि तिथेच अडकली. तेव्हा बॅनिस्टर आणि ब्रॅशर सराव बाजूला ठेवून स्कॉटलंडच्या डोंगरांत प्रस्तरारोहणाला गेले. परतल्यावर फेरी ५९ सेकंदांत होऊ लागली!

९/ वेळ फारसा उरला नव्हता. ऑस्ट्रेलियाचा जॉन लँडी आणि अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाचा विद्यार्थी वेस सँटी हेही त्याच आकड्याच्या मागे होते. ६ मे रोजी इफली रोडवर ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि हौशी अ‍ॅथलेटिक संघटना यांच्यात सामना होता. दिवसभर सोसाट्याचा वारा वाहत होता. प्रयत्न करावा की शक्ती राखून ठेवावी, हा निर्णय होत नव्हता. शर्यतीच्या थोडे आधी जवळच्या चर्चवरील ध्वजाची फडफड मंदावली आणि बॅनिस्टरने होकार दिला.

१०/ या वेळी कोणीही रेंगाळणार नव्हते. पहिल्या दोन फेऱ्या ब्रॅशर पुढे राहिला. ‘आणखी जोरात’ असे बॅनिस्टर मागून ओरडला, पण ब्रॅशरने आपली लय सोडली नाही आणि त्याचे तेच बरोबर होते. अर्धा मैल १ मिनिट ५८.२ सेकंदांत झाला. मग चॅटअवे पुढे आला. तीन फेऱ्यांना लागले ३ मिनिटे ०.७ सेकंद. शेवटच्या फेरीत बॅनिस्टरने त्याला मागे टाकले आणि फीत तोडून तो लोकांच्या हातांत कोसळला.

११/ निवेदक होता नॉरिस मॅकव्हर्टर, ऑक्सफर्डमधलाच जुना मित्र. त्याने निकाल मुद्दाम लांबवत सांगितला. वेळ सांगताना ‘तीन’ हा शब्द उच्चारला जाताच पुढचे सारे जल्लोषात बुडून गेले. ३ मिनिटे ५९.४ सेकंद. पुढील वर्षी गिनेसचे विक्रमांचे पुस्तक निघाले, ते याच नॉरिसने आणि त्याच्या जुळ्या भावाने संपादित केले. गिनेस कंपनीत नोकरीला असलेल्या चॅटअवेनेच या भावांची नावे सुचवली होती.

१२/ अवघ्या ४६ दिवसांनी, २१ जून रोजी, लँडीने फिनलंडमधील तुर्कू येथे हा विक्रम मोडला. त्या शर्यतीत त्याच्या मागे होता पुन्हा चॅटअवेच. ७ ऑगस्टला व्हँकुव्हर येथे बॅनिस्टर आणि लँडी समोरासमोर आले. शेवटच्या वळणावर लँडीने डाव्या खांद्यावरून मागे पाहिले आणि त्याच क्षणी बॅनिस्टर उजवीकडून पुढे निघून गेला. दोघेही चार मिनिटांच्या आत आले. आदल्या रात्री कॅमेऱ्याच्या दिव्याच्या काचेवर पाय पडून लँडीचा तळपाय कापला होता. त्याने त्याची सबब पुढे केली नाही.

१३/ त्याच वर्षअखेर बॅनिस्टरने स्पर्धात्मक धावणे सोडले. २८ मे १९५५ रोजी लंडनमध्ये एकाच शर्यतीत तिघांनी चार मिनिटांची मर्यादा ओलांडली. त्या तिघांत चॅटअवे होता. ब्रॅशरने १९५६ मध्ये मेलबर्नला ३००० मीटर स्टीपलचेसचे ऑलिंपिक सुवर्ण मिळवले आणि १९८१ मध्ये लंडन मॅरेथॉन सुरू करणाऱ्यांत तो अग्रभागी होता. दुसऱ्यासाठी वेग राखणारे हे दोघे केवळ साहाय्यक नव्हते, हे त्यांच्या पुढील आयुष्यांनीच सिद्ध केले.

१४/ डॉ. बॅनिस्टर मेंदू व मज्जासंस्थेच्या विकारांचे तज्ज्ञ झाले. स्वायत्त मज्जासंस्थेवरील आपले काम त्या चार मिनिटांहून मोलाचे आहे, असे ते मानत. १९७५ मध्ये मोटार अपघातात त्यांचा घोटा मोडला आणि धावणे कायमचे थांबले. दगडावर खिळे घासलेले ते बूट २०१५ मध्ये लिलावात २,६६,५०० पौंडांना विकले गेले. ३ मार्च २०१८ रोजी सर रॉजर यांचे निधन झाले. नोंदवहीत त्या शर्यतीपुढे एकच नाव आहे. पण त्या दिवशी वेगाने पडणारी पावले तीन जोड्यांची होती.